आपणास

कर्वेनगरात, गिरणीच्या वर दोन खोल्या होत्या तेव्हा
कीबोर्डवर रोज पिठाचा थर बसायचा.
आज ज्वारी की गहू, वासावरून कळायचं.
गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं
आणि समीहन म्हणायचा, घ्या, सर्व्हर तापला.
सहा जण होतो. खुर्च्या पाच.
जो उभा, तो चहा सांगणार.

पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं,
इथे सर नाही, साहेब नाही, मला अरे म्हणायचं.
मी कोरेगावच्या शाळेतली.
मालकाला अरे म्हणताना जीभ आठवडाभर अडखळली.
मग इतकी सरावली की भांडलेसुद्धा,
"उधारी" हवं की "बाकी", रात्री अकरापर्यंत.
माझं काम तेवढंच: किराणा दुकानदारांच्या ॲपमधलं मराठी.
बटणांवरचे शब्द. काही बिघडलं तर माफीचे शब्द.
शेवटी तो "बाकी"वर आला. म्हणाला, तू म्हणतेस तर.

त्याचा स्वतःचा शब्द एकच होता: आपण.
आपण मंचरला जाऊ. आपलं चुकलं, आपण निस्तरू.
मार्केटयार्डात एकानं दुकानातून हाकललं
तेव्हा पायरीवर बसून, शेंगदाणे सोलत म्हणाला,
आपल्याला हाकललं, म्हणजे आपण आहोत.

आता बाणेर. सातवा मजला.
काचेतून हायवे दिसतो, ऐकू येत नाही.
दाराला कार्ड लागतं. माझ्यावर ०००४,
नवी मुलं ते जुन्या नाण्यासारखं उलटंपालटं करून बघतात.
भिंतीवर कंपनीची पाच मूल्यं आहेत, रंगीत.
चौथ्याचा अर्थ एचआरच्या शाल्मलीला विचारला.
ती हसली, आणि मग इकडेतिकडे बघितलं.
समीहन गुरुवारी भेटतो, पंधरा मिनिटं.
मागच्या गुरुवारी मी त्याला "तुम्ही" म्हणाले.
तोंडातून गेलं.
त्याच्या लक्षात आलं, मला दिसलं.
त्यानं दुरुस्त केलं नाही.

मार्चमधली मोठी सभा इंग्रजीत झाली.
इंग्रजीत बरी सोय आहे. "वुई" म्हटलं की झालं,
त्यात कोण आत, कोण बाहेर, कोणी विचारत नाही.
पण फिल्डवरच्या एकतीस पोरांना पत्र मराठीत जायचं होतं
आणि मराठी म्हटलं की मी.

लिहिलं: आम्ही निर्णय घेतला आहे.
खोडलं. मी कुठे घेतला?
लिहिलं: आपण निर्णय घेतला आहे.
भोसरीच्या उन्हात दुकानं पालथी घालणाऱ्या सिकंदर मुलाणीनं
स्वतःला काढायचं कधी ठरवलं?
लिहिलं: निर्णय घेण्यात आला आहे.
कर्ता गायब. कुणाचा हात नाही, कुणाचं बोट नाही.
वकिलांना हे फार आवडलं.
वरची ओळ त्यांनीच पाठवली:
"आपणास कळविण्यात येते की"

आपणास.
तोच शब्द, शेंगदाण्याच्या पायरीवरचा.
टेबलाच्या पलीकडे जाऊन एकटा बसलेला.
शाळेत घोकलं होतं, स, ला, ते, स, ला, ना, ते,
बाईंनी छडी घेऊन पाठ करून घेतलं होतं.
त्याला विभक्ती का म्हणतात
ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

पाचला पाठवलं.
सहाच्या सुमारास सिकंदरचा निरोप:
ताई, पत्र मिळालं. मराठी छान आहे. एकही चूक नाही.
मग बराच वेळ काही नाही.
मग:
चाकणच्या तीन दुकानांचं कुणाला सांगून जाऊ?
दोघं चांगले आहेत.
घुल्यांकडे मात्र दुपारनंतरच पाठवा,
सकाळी ते कोणाशी बोलत नाहीत.